ट्रकचं नाक, मागचा दांडा आणि घाटातलं न्यूट्रल

या वेळी ट्रकविषयीची चार पत्रं एकत्र घेतली आहेत. आली वेगवेगळ्या गावांहून, पण उत्तरं लिहायला बसल्यावर जाणवलं की चौघांच्याही मनात एकच समजूत आहे. गाडी सुरक्षित करायची तर ती जड होणार, महाग होणार, डिझेल जास्त खाणार. आणि डिझेल वाचवायचं तर थोडा धोका पत्करावाच लागणार. ही समजूत चुकीची आहे आणि घाटात ती माणसं मारते. म्हणून शेवटच्या पत्राला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : माझे आजोबा ट्रक चालवायचे. जुन्या फोटोत त्यांच्या गाडीला पुढे लांब नाक दिसतं. आता रस्त्यावरचे जवळजवळ सगळे ट्रक तोंडाने चपटे आहेत. मोटारी दिवसेंदिवस निमुळत्या होत असताना ट्रकचा मात्र खोका कसा झाला?
— एक वाचक, कराड

तुमच्या आजोबांचा ट्रक बहुधा टेल्कोचा असेल. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली आणि पुढे कित्येक वर्षं आपल्या रस्त्यांवर नाकवाल्या गाड्या सर्रास दिसायच्या. इंजिन पुढे, ड्रायव्हर त्याच्या मागे. बॉनेट उघडलं की उभ्या उभ्या काम करता यायचं. समोरून धडक बसली तर आधी इंजिनाचा भाग चेपायचा, माणूस नंतर.

हे नाक गेलं ते लांबीच्या हिशोबात. युरोपात ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून १६.५ मीटरच्या आत बसवायचे, असा नियम. नाकाला मीटरभर दिलं की मालाचा मीटर कमी झाला. मग कारखान्यांनी ड्रायव्हरला उचलून इंजिनावर बसवलं आणि तोंड भिंतीसारखं सपाट झालं. अमेरिकेत १९८२ च्या कायद्याने मुख्य महामार्गांवर गाडीच्या एकूण लांबीची अट काढून टाकली, म्हणून तिथल्या ट्रकना आजही लांब नाक आहे. आपल्याकडे जोड नसलेल्या सरळ ट्रकला १२ मीटरची मर्यादा आहे, आणि हौदा जितका लांब तितकं भाडं. मालक नाकाला जागा देईल कशाला?

या सपाट तोंडाचं बिल डिझेलमध्ये येतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ४० वरून ८० वर गेलात की तो दुप्पट होत नाही, चौपट होतो. या विषयावरचा मला सर्वांत आवडणारा प्रयोग एका सायकलस्वारामुळे झाला. अमेरिकेत मोहावीच्या वाळवंटात नासाचं संशोधन केंद्र आहे. तिथले अभियंते एडविन साल्ट्झमन सायकलवरून जात असताना शेजारून मोठा ट्रक गेला की हवेचा लोट आधी त्यांना रस्त्याबाहेर ढकलायचा आणि ट्रक पुढे सरकताच आत ओढायचा. महामार्गावर स्कूटर चालवणाऱ्या प्रत्येकाला हा धक्का आणि ही ओढ माहीत आहे. साल्ट्झमन यांच्या डोक्यात आलं ते असं, की ही ताकद फुकट येत नाही. कुणीतरी तिच्यासाठी इंधन जाळतो आहे. १९७३ मध्ये त्यांच्या चमूने एका व्हॅनला चहूबाजूंनी ॲल्युमिनियमचे सपाट पत्रे ठोकून तिचा बुटाच्या खोक्यासारखा आकार केला आणि मग कोपरे गोल करत मोजमापं घेतली. नुसते उभे कोपरे गोल केल्यावर हवेचा विरोध ४० टक्क्यांनी उतरला. आडव्या कडाही गोल केल्यावर तो ५४ टक्क्यांनी उतरला. त्यापायी आतली जागा गेली ती फक्त तीन टक्के.

आता हेच स्कूटरवाल्याच्या बाजूने बघा. जो ट्रक हवा कमी ढवळतो, तो शेजारच्या दुचाकीलाही कमी हलवतो. डिझेल वाचवणारा कोपरा तुमच्या-माझ्या हँडललाही स्थिर ठेवतो. युरोपने २०१५ मध्ये नियम बदलताना हाच विचार केला. केबिनचं तोंड थोडं पुढे आलं तरी चालेल, पण त्यातून हवेचा विरोध, ड्रायव्हरची नजर आणि पायी चालणाऱ्यांची सुरक्षितता यांत सुधारणा झाली पाहिजे, अशी अट घातली. त्या सवलतीत २०२१ साली डाफ कंपनीने जो नवा ट्रक आणला, त्याचं तोंड १६० मिलिमीटर पुढे आलं होतं. म्हणजे वीतभरही नाही. तेवढ्यात समोरची काच मोठी झाली, खाली उतरली आणि कोपरे गोल झाले.

आपल्या रस्त्यांवरचा हिशोब जरा वेगळा आहे. २८.५ टनांचा भरलेला दहाचाकी ताशी ४० ने चालला असेल, तर हवेचा विरोध टायरांच्या विरोधाच्या साधारण पाव पट असतो. ताशी ८० ला दोन्ही जवळपास सारखे होतात. आपल्या जड वाहनांच्या इंधनवापराचे निकष २०१७ मध्ये आले, तेव्हा ट्रकची चाचणी ताशी ४० आणि ६० या वेगांवरच ठेवली गेली, कारण गाड्या चालतात तितक्याच. त्यामुळे आपल्या मालकाला तोंडाआधी टायरकडे बघण्याची गरज आहे. ढाब्यावरून निघण्याआधी जुना ड्रायव्हर हातात टॉमी घेऊन गाडीभोवती फेरी मारतो आणि एकेका टायरवर ठोका देतो. हवा पूर्ण असेल तर टॉमी टणकन उसळते. कमी असेल तर बद्द आवाज येतो. मागच्या जोडटायरांपैकी आतला बसला असेल तर डोळ्यांना दिसत नाही, पण आवाज सांगतो. बसका टायर जास्त वाकतो, वाकून तापतो. त्या तापण्यात डिझेल जातं, आणि पुढे कधीतरी भर उन्हात तोच टायर फुटतो. तेव्हा त्या फेरीला वेळखाऊपणा म्हणू नये.

प्रश्न : ट्रकच्या मागे फाळक्याखाली एक आडवा लोखंडी दांडा असतो, काही ट्रकना दोन्ही बाजूंनाही पट्ट्या असतात. त्यावर माल ठेवत नाहीत, कुणी उभं राहत नाही. मग एवढं वजन उगाच का वाहायचं?
— एक विद्यार्थी, नांदेड

मोटारीचा पुढचा भाग धडकेत चेपण्यासाठीच बनवलेला असतो. बंपर, त्यामागचे लोखंडी पट्टे आणि इंजिनाची खोली हे सगळं क्रमाने चेपलं की आतल्या माणसाला बसणारा धक्का कमी होतो. पण ट्रकचा हौदा मोटारीच्या बॉनेटपेक्षा उंच असतो. मागे दांडा नसेल तर बॉनेट सरळ हौद्याखाली जातं, चेपायचं ते चेपतच नाही, आणि हौद्याची कड थेट काचेवर येते. १९६७ मध्ये न्यू ऑर्लिन्सजवळ अभिनेत्री जेन मॅन्सफिल्ड यांची मोटार अशीच ट्रेलरच्या मागून आत घुसली आणि त्या गेल्या. अमेरिकेत या दांड्याला आजही लोक त्यांच्याच नावाने ओळखतात.

आपल्याकडच्या मानकाप्रमाणे हा दांडा जमिनीपासून ५५ सेंटिमीटरपेक्षा वर नसावा आणि धडकेत टिकेल इतका भक्कम असावा. कागदोपत्री तो सगळ्यांना आहे. प्रत्यक्षात खड्ड्यात घासतो म्हणून कुणी तो वर वाकवून घेतं, कुणी पातळ पाइप जोडून पासिंग करून आणतं. असा दांडा मोटारीला अडवत नाही. रात्री महामार्गाच्या कडेला दिवे न लावता उभ्या केलेल्या ट्रकमागे, किंवा साखर हंगामात परावर्तक पट्टी नसलेल्या उसाच्या ट्रॉलीमागे, काय होतं ते आपण दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात वाचतो. चमकणारी पट्टी लावायला वजन लागत नाही, डिझेलही लागत नाही.

बाजूच्या पट्ट्या दुचाकीस्वार मागच्या चाकांखाली जाऊ नये म्हणून आहेत. तुझ्या वजनाच्या शंकेचं उत्तरही तिथेच आहे. परदेशात लांब ट्रेलरच्या बाजूंना खालपर्यंत सलग पडद्यासारखे पत्रे लावतात. चाकांमध्ये घुसणारी आडवी हवा त्याने अडते आणि काही टक्के इंधन वाचतं. तोच पत्रा पुरेसा मजबूत केला की माणसालाही अडवतो. एका पत्र्याला दोन कामं देता येतात.

आणि तू लवकरच गाडी चालवायला लागशील, म्हणून एक सांगतो. ट्रकच्या डाव्या दाराला लागून, केबिनच्या खाली, एक अख्खी मोटारसायकल मावेल इतकी जागा ड्रायव्हरला दिसत नाही. लंडन शहराने याच कारणासाठी जड ट्रकना केबिनमधून थेट किती दिसतं यावर तारे द्यायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०२४ पासून तीनपेक्षा कमी तारे असलेल्या ट्रकला अंध जागा सांगणारी जादा यंत्रणा बसवल्याशिवाय तिथे प्रवेश नाही. आपल्याकडे तसे तारे नाहीत. सिग्नलला ट्रकच्या डावीकडे जाऊन उभा राहू नकोस.

प्रश्न : नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा केला आहे. माझे दोन ट्रक आहेत. एसीने डिझेल वाढणार, ते भाड्यात कोण देणार?
— एक ट्रकमालक, कळंबोली

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना हा नियम आहे. केबिनच्या एसीला दोन-चार किलोवॉट लागतात आणि तुमच्या गाडीचं इंजिन दीडशे-दोनशे किलोवॉटचं असतं. खर्च होतो, पण तो भाड्याचं गणित मोडेल इतका नाही. नुसती टायरची हवा नेमाने तपासलीत तरी यातला बराचसा भरून निघेल.

चपट्या तोंडाच्या गाडीत ड्रायव्हर इंजिनाच्या डोक्यावर बसतो हे वर आलंच आहे. मे महिन्यात खालून इंजिनाची आणि वरून पत्र्याची धग घेत दहा तास बसलेल्या माणसाचा ब्रेकवर पाय उशिरा पडतो. तो झोपेला आलेला असतो, चिडलेला असतो, गिअर वेळेवर बदलत नाही. डिझेल तिथे जातं. पूर्वी नुसती चासी विकत घ्यायची आणि लाकूड-पत्र्याची केबिन गावातल्या कारागिराकडून बांधून घ्यायची, अशी रीत होती. ती केबिन सुंदर रंगवलेली असायची, पण धडकेत काडेपेटीसारखी उघडायची. आज कारखान्याच्या केबिनवर किमान दीड टनाचा लोलक आदळून बघतात आणि आत माणसापुरती जागा उरते का ते तपासतात. केबिन ही ड्रायव्हरची काम करायची जागा आहे. तुमच्या ऑफिसात पंखा आहेच ना? त्याच नजरेने तिच्याकडे बघा.

प्रश्न : माझे यजमान मुंबई–बेंगळुरू लाइनवर ट्रक चालवतात. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करतात, कधी कधी इंजिनही बंद करतात. म्हणतात, सगळेच करतात, मालक ॲव्हरेज मागतो. मला फार भीती वाटते. खरंच डिझेल वाचतं का?
— एक भगिनी, शिरवळ

ताई, वाचत नाही. तुमची भीती खरी आहे.

आताच्या ट्रकच्या इंजिनात डिझेल किती सोडायचं ते संगणक ठरवतो. गाडी गिअरमध्ये आहे, उतार तिला पुढे ढकलतो आहे आणि पाय एक्सिलेटरवरून काढलेला आहे, अशा वेळी चाकंच इंजिनाला फिरवत असतात. संगणक डिझेल पूर्ण बंद करतो. थेंबही जात नाही. याउलट गाडी न्यूट्रल केली की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो. इंजिन बंद पडू नये म्हणून संगणकाला डिझेल द्यावंच लागतं, तासाला एक-दोन लिटर. म्हणजे न्यूट्रलमध्ये थोडं जातं आणि गिअरमध्ये काहीच जात नाही. इंजिन बंद केलं तर वापर शून्य होतो हे खरं. पण गिअरमध्ये ठेवूनही तो शून्यच होता. मग जीव कशासाठी टांगणीला लावायचा?

हलक्या, लांब उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी थोडी दूर घरंगळते आणि तिथे किंचित फायदा होतो. परदेशातल्या काही नव्या ट्रकमध्ये संगणक हे स्वतः करतो आणि वेग वाढला की क्षणात गिअर परत टाकतो. घाटात मात्र प्रश्न गाडी पुढे नेण्याचा नसतोच. तिला धरून ठेवायचं असतं.

धरायचं म्हणजे किती, ते बोरघाटावरून सांगतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून ६२० मीटरच्या वर आहे आणि खोपोली साधारण ६० मीटरवर. मधे साडेपाचशे मीटरचा उतार. २८.५ टनांचा ट्रक एवढा खाली येतो तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात जवळजवळ पाचशे लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल. घरातली मोठी टाकी डोळ्यांसमोर आणा. ती सगळी उष्णता कुठेतरी जायला हवी. गिअरमध्ये असाल तर मोठा भाग इंजिनात जातो, आणि इंजिनाला ती बाहेर टाकायला पाणी आहे, रेडिएटर आहे. न्यूट्रलमध्ये असाल तर जवळजवळ सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये जाते. २०१८ मध्ये सरकारने तीन ॲक्सलच्या ट्रकची वजनमर्यादा २५ टनांवरून २८.५ टनांवर नेली. ही उष्णताही त्याच प्रमाणात वाढली. ओव्हरलोड गाडीचा हिशोब यात धरलेलाच नाही.

ड्रम तापला की फुगतो आणि आतल्या लायनरपासून दूर सरकतो. लायनरची पकडही तापल्यावर कमी होते. पाय पूर्ण दाबलेला असतो, हवा असते, सगळे भाग जागेवर असतात, तरी गाडी थांबत नाही. "ब्रेक फेल झाला" असं आपण बातमीत वाचतो, तेव्हा पुष्कळदा काही तुटलेलं नसतं. खोपोलीच्या बाजूला घाट संपल्यावर एकदा मी अशा गाडीशेजारी उभा होतो. क्लीनरने चाकाला दगड लावला होता. जळक्या लायनरचा वास घशात बसत होता, मागच्या चाकांच्या फटींतून निळसर धूर येत होता, आणि रिमपासून हातभर अंतरावर हात धरवत नव्हता. ड्रायव्हर पन्नाशीचा असेल. तो दाराच्या पायरीवर बसला होता आणि कुणाशीच बोलत नव्हता. त्याच्या हाताची थरथर थांबायला बराच वेळ लागला.

इंजिन बंद केलं तर आणखी तीन गोष्टी घडतात. ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो, तो थांबतो. टाकीत आहे तेवढ्या हवेवर भागवायचं, आणि प्रत्येक वेळी पाय दाबला की ती कमी होते. पॉवर स्टिअरिंग जड होतं. तिसरी गोष्ट न्यूट्रललाही लागू आहे. वेग एकदा वाढला की मग गिअर पडत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकमुळे सुमारे ४८ वाहनांचं नुकसान झालं. चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं होतं.

उतारावर गाडी धरण्याचं काम इंजिनाला देण्याची कल्पना ज्याला सर्वांत तीव्रतेने सुचली, तो स्वतः अशा प्रसंगातून गेला होता. १९३१ मध्ये क्लेसी कमिन्स आपल्या डिझेल इंजिनाचा ट्रक घेऊन अमेरिका ओलांडत होते. कॅलिफोर्नियातला काहोन घाट उतरताना ब्रेक ट्रकला आवरेनात. पायथ्याशी रेल्वेचं फाटक, आणि रुळांवरून मालगाडी चाललेली. गाडीचा शेवटचा डबा गेला आणि त्यामागून ट्रक कसाबसा पार झाला. तो प्रसंग त्यांच्या मनातून गेला नाही. पुढे त्यांनी इंजिनालाच ब्रेक बनवणारी यंत्रणा शोधली. सिलिंडरमध्ये हवा दाबून झाली की नेमक्या वेळी झडप उघडून ती सोडून द्यायची, म्हणजे दाबायला लागलेली ताकद परत मिळत नाही आणि गाडी मंदावते. जेकब्स कंपनीने ती १९६१ मध्ये बाजारात आणली. कमिन्स यांनी स्थापन केलेली कंपनी पुढच्याच वर्षी किर्लोस्करांबरोबर पुण्यात कोथरूडला आली.

आपल्याकडच्या बहुतेक ट्रकमध्ये याहून साधा एक्झॉस्ट ब्रेक असतो. धुराच्या नळीतली झडप मिटते आणि इंजिनाला धूर बाहेर ढकलायला जोर लागतो. पण एक अट आहे: गाडी गिअरमध्ये हवी. न्यूट्रलमध्ये तो बटण दाबूनही निरुपयोगी.

जुन्या ड्रायव्हरांचा नियम तुमच्या यजमानांनी नक्की ऐकला असेल: ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. त्याला एकच जोड द्यायची. गिअर खाली घ्यायचा तो माथ्यावर, उतार लागण्याआधी. पायब्रेक धरून ठेवायचा नाही. दाबायचा, वेग उतरला की सोडायचा, ड्रमला श्वास घेऊ द्यायचा.

मालकांनाही हे पत्र दाखवा. ॲव्हरेज मागणं हा त्यांचा हक्क आहे. ते टायरच्या हवेतून, ताडपत्री घट्ट बांधण्यातून, वेग ताशी ६० च्या आसपास ठेवण्यातून मागावं. घाटातून मागू नये. आणि यजमानांचा माझ्यावर विश्वास बसत नसेल, तर तोही बसायला नको. बऱ्याच नव्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर त्या क्षणी किती डिझेल जातं आहे ते दिसतं. पुढच्या फेरीला कात्रज उतरताना गाडी गिअरमध्ये असू द्या, पाय एक्सिलेटरवरून काढा, आणि शेजारी बसलेल्या क्लीनरला तो आकडा वाचायला सांगा.